पैसा अडवा, पैसा जिरवा: फिल्म ऑफिस म्हणजे काय आणि सोलापूरला त्याचं काय

सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याचं विमान उडायला लागलं तसा आमच्या ग्रुपवर एक विषय सारखा निघतोय, की आता सोलापुरात शूटिंगा वाढणार, सरकारचं फिल्म ऑफिस आहे ते प्रोड्यूसर लोकांना इकडं पाठवणार, अनुदान मिळणार, लॉज भरणार, पोरांना कामं मिळणार. त्याच्यावर लगेच दुसरा कोणतरी लिहितो की काय ओ, इथं नळाला रोज पाणी नाही आणि सरकारनं हिरो लोकांना पैसे वाटायचे काय. मला दोघांचंही पटतं, आणि दोघांच्याही बोलण्यात एक मोठा भाग सुटतो असंही वाटतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आमच्या भागात काही वर्षांपूर्वी दोन दिवस एका मालिकेचं शूटिंग होतं. मोठ्या गाड्या, जनरेटर, व्हॅनिटी व्हॅन, सगळी गल्ली गच्चीवर. पॅक-अप झाल्यावर मी कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याला विचारलं धंदा कसा झाला, तर म्हणला बघणाऱ्या लोकांनी खाल्लं, शूटिंगवाल्यांनी नाही, त्यांचं जेवण त्यांच्याबरोबरच आलं होतं. खरंच, जेवण पुण्याहून, लाइटमन मुंबईचे, आणि पाण्याचे जारसुद्धा टेम्पोत भरून आणलेले. म्हणजे शूटिंग सोलापुरात झालं आणि खर्च सगळा पुण्यात झाला. तेव्हापासून माझ्या डोक्यात हे बसलंय की शूटिंग येणं आणि शूटिंगचा पैसा येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फिल्म ऑफिस चांगलं का वाईट हे या फरकावरूनच ठरतं.

फिल्म ऑफिस म्हणजे सिनेमा काढणारं ऑफिस नाही

पहिला गैरसमज हाच असतो. फिल्म ऑफिस सिनेमा काढत नाही, नट निवडत नाही, स्क्रिप्टला पैसे लावत नाही. त्याचं काम म्हणजे बाहेरून शूटिंगला येणाऱ्या युनिटला आपल्या राज्यात जागा दाखवायची, परवानग्या मिळवून द्यायच्या, स्थानिक माणसं गाठ घालून द्यायची आणि सरकारची काही सवलत असली तर ती हातात पडेपर्यंत मदत करायची. लग्नात एक मामा असतो बघा, ज्याला मंडपवाला, आचारी, भटजी, घोडेवाला, कार्यालयाचा मॅनेजर सगळे ओळखतात, वऱ्हाड आलं की सगळे त्यालाच शोधतात. फिल्म ऑफिस म्हणजे राज्याचा तो मामा.

आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाकडं आहे, १९७७ पासूनचं. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी त्यांच्याकडंच. परवानग्यांसाठी त्यांचा फिल्म सेल आहे, एक खिडकी पद्धतीचा. एक खिडकी म्हणजे दहा ऑफिसांच्या पायऱ्या चढण्याऐवजी एकाच ठिकाणी अर्ज द्यायचा आणि पुढची पळापळ त्यांनी करायची. केंद्राचंही असं एक कार्यालय आहे, फिल्म फॅसिलिटेशन ऑफिस, २०१५ ला सुरू झालं, आता इंडिया सिने हब नावाच्या पोर्टलवरून चालतं. ही दोन नावं एवढ्यासाठीच सांगितली की कुठल्या खिडकीत कोण बसलंय ते कळावं.

प्रोड्यूसरला सगळ्यात महाग काय पडतं?

हिरो, असं आपल्याला वाटतं. पण जो रोज सेटवर हिशोब ठेवतो त्याला विचारलं तर तो सांगेल, दिवस. कॅमेरा भाड्यानं आणलेला असतो, दिवसाच्या हिशोबानं. लाइट, जनरेटर, गाड्या, लॉजच्या खोल्या सगळं दिवसावर. शंभर-दीडशे माणसांचं युनिट असेल तर त्यांचं जेवणखाण आणि मजुरी रोजची, आणि वर नटाच्या तारखा, त्या गेल्या की परत दोन महिने मिळत नाहीत. आता समजा एवढं सगळं वऱ्हाड दारात आलंय आणि कार्यालयाची किल्ली सापडत नाहीये, एका साहेबाची सही राहिली म्हणून. काम शून्य, मीटर चालू.

म्हणून प्रोड्यूसर जागा निवडतो तेव्हा फक्त किल्ला किती सुंदर आहे हे बघत नाही. त्याला हे बघायचं असतं की तिथं गेल्यावर माझा दिवस वाया जाईल का. फिल्म ऑफिसच्या हातातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट हीच आहे, दिवस वाचवणं. अनुदान नंतर येतं.

दोन मिनिटांचा सीन, सहा दारं

हे नुसतं सांगून कळत नाही म्हणून एक सीन घेऊया. एक माणूस बैलगाडी पळवत आपल्या भुईकोट किल्ल्याच्या शेजारून जातो, मागं त्याचा दहा वर्षांचा पोरगा धावतोय, वरून ड्रोननं सिद्धेश्वर तलाव दिसतो आणि शेवटी दोघं सोलापूर स्टेशनवर पोचतात. पडद्यावर दोन मिनिटं.

किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडं, म्हणजे आत शूट करायचं तर त्यांची परवानगी. रस्ता अडवायचा तर महापालिका आणि वाहतूक पोलीस. ड्रोनला नागरी विमान वाहतुकीचे नियम, आणि आता तर शहरात विमानतळ सुरू आहे त्यामुळं ते आणखी कडक. स्टेशन मध्य रेल्वेचं. पोरगा आहे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, कारण २०१७ च्या नियमाप्रमाणं बालकलाकाराला दिवसात ५ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग ३ तासांच्या वर विश्रांतीशिवाय राबवता येत नाही, आणि त्याच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावानं बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. हा नियम मला फार आवडतो, पोराच्या घामाचा काही हिस्सा तरी पोरालाच मिळतो.

आणि बैल? बैलांसाठी अर्ज जातो प्राणी कल्याण मंडळाकडं, त्याचं मुख्यालय हरियाणात बल्लभगडला. मंगळवेढ्याचा बैल, सोलापूरचा रस्ता आणि परवानगी हरियाणाची! (बैलाचे हाल होऊ नयेत म्हणूनच आहे ते, त्याला माझा विरोध नाही, पण हे माहीत नसलेला प्रोड्यूसर आदल्या दिवशी बैल शोधत बसतो आणि मग रडतो.)

आता कळेल एक खिडकी का पाहिजे. ही सहा दारं बंद करायची नाहीत, ती कशासाठी तरी आहेत. फक्त कुठल्या दाराला किती दिवस लागतात, कुठला कागद जोडायचा हे आधी सांगणारं आणि मागं लागून सही आणणारं कोणतरी पाहिजे. ज्या राज्यांनी हे नीट केलं त्यांच्याकडं लोक गेले. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारात काही वर्षं चित्रीकरणाला अनुकूल राज्य असा एक पुरस्कार दिला जायचा, त्यात मध्य प्रदेशनं २०१७ आणि २०२० असा दोनदा मारला, उत्तराखंड आणि सिक्कीमसारख्या छोट्या राज्यांनीही मिळवला. 'पंचायत' वेब सिरीज सगळ्यांनी बघितलीय, गोष्ट उत्तर प्रदेशातल्या गावाची, पण ते गाव खरं म्हणजे मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यातलं महोडिया.

अनुदान म्हणजे आधी खर्च, मग बिल, मग परतावा

लोकांना वाटतं सरकार पेटी भरून पैसे देतं आणि मग शूटिंग सुरू होतं. बहुतेक ठिकाणी उलटं असतं. युनिटनं आधी स्वतःचे पैसे खर्च करायचे, त्याची बिलं ठेवायची, सीए कडून तपासून घ्यायची आणि मग सरकार त्यातला काही टक्के भाग परत देतं. याला परतावा म्हणूया. ऑनलाइन खरेदीत कॅशबॅक मिळतो तसाच, वस्तू घेतल्याशिवाय नाही.

केंद्राचा परतावा परदेशी सिनेमांसाठी आहे, २०२३ मध्ये तो वाढवून भारतात केलेल्या पात्र खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत नेला, कमाल मर्यादा ३० कोटी रुपये. राज्यांचे नियम वेगवेगळे. उत्तर प्रदेशनं शूटिंगच्या दिवसांवर अट लावली, निम्मे दिवस राज्यात केले तर एवढं, दोन तृतीयांश केले तर त्याहून जास्त. आपल्याकडं मराठी सिनेमाला अर्थसहाय्य मिळतं, अ दर्जाला ४० लाख आणि ब दर्जाला ३० लाख, पण ते मुख्यतः सिनेमाच्या दर्जावर. तो सांगोल्यात शूट केला का सातारला यावर नाही. हा फरक लक्षात ठेवा, कारण गावात पैसा यायचा असेल तर दिवसांची किंवा स्थानिक खर्चाची अट महत्त्वाची.

यात एक बारकी मेख आहे. परतावा बिलावर मिळतो, त्यामुळं प्रोड्यूसरला पक्कं बिल देणारा माणूसच पाहिजे असतो. आपल्याकडचा मंडपवाला, सुतार, टेम्पोवाला, डबेवाल्या मावशी, कामात एक नंबर, पण बिल मागितलं की वहीचं पान फाडून देणार. मग तो प्रोड्यूसर काय करतो, पुण्याचा केटरर आणतो, महाग पडला तरी, कारण त्याचं बिल चालतं. म्हणजे मावशींचं काम चवीमुळं जात नाही, कागदामुळं जातं. हे मला फार लागतं, कारण दुरुस्त करायला एवढं सोपं आहे, एक दिवसाचं शिबिर घेतलं तरी पुष्कळ होईल.

पैसा जिरतो कसा आणि वाहून जातो कसा

आपण दुष्काळी जिल्ह्यातले, आपल्याला हे पाण्यावरून पटकन कळेल. माळावर धो धो पाऊस पडला तरी खडकावरून वाहून जातो, चार दिवसांनी विहीर परत कोरडी. तोच पाऊस बांध घालून अडवला की जिरतो आणि विहिरीला महिनोन्महिने पाझर राहतो. शूटिंगचा पैसा अगदी असाच आहे.

समजा एका युनिटनं सोलापुरातल्या शूटिंगवर ५० लाख खर्च केले (आकडा फक्त समजण्यासाठी घेतलाय). एका प्रकारात लॉज आणि डिझेल सोडून सगळं बाहेरून आलं. जे काही १०-१२ लाख इथं पडले तेवढेच. दुसऱ्या प्रकारात जेवण इथलं, गाड्या इथल्या, सेट बांधणारे सुतार आणि रंगारी इथले, कपडे इथं शिवले, गर्दीतली माणसं इथली, तर ३५ लाख इथं पडले. सिनेमा तोच, बजेट तेच.

आता पुढचं बघा. जेवणाचं कंत्राट घेतलेल्या बाईनं भाजी मंडईतून घेतली, ज्वारीचं पीठ गिरणीतून घेतलं, चार बायका भाकरी थापायला लावल्या. त्या चार बायकांनी आठवड्याचा पगार किराणा दुकानात, पोरांच्या फीमध्ये, रिक्षात घातला. किराणावाल्यानं त्याच पैशातनं दुकानातल्या पोराचा पगार दिला. एकच रुपया तीन-चार हातांतनं फिरला. अर्थशास्त्रात याला गुणक परिणाम म्हणतात, हा शब्द इथं एकदा सांगितला, परत वापरत नाही. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, प्रत्येक हाताला थोडं गळतंच. किराणावाल्याचं साबण, तेल बाहेरून येतं, डिझेलचे पैसे तर लगेच बाहेर. म्हणून कोणी भाषणात सांगितलं की एका रुपयाचे दहा रुपये होतात, तर विचारा, गळती धरली का? सगळं गणित गळतीत आहे.

"पण हे चार दिवसांचं काम, पोरांचं पोट भरणार का?"

हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. एका शूटिंगनं कुणाचं घर चालत नाही. चाळीस दिवस काम आणि मग वर्षभर वाट बघत बसणं याला रोजगार म्हणत नाहीत. पण वाईचं उदाहरण बघा. वाई आणि मेणवलीच्या घाटावर वर्षानुवर्षं सिनेमे होत आले, 'स्वदेस' तिथला, 'गंगाजल' आणि 'दबंग' तिथले, पडद्यावर ते बिहार किंवा उत्तर प्रदेश म्हणून दिसतं. वाईचं नाव झालं नाही तरी वाईकरांना काम मिळालं, कारण एकामागून एक युनिटं येत राहिली आणि जागा दाखवणारे, गर्दी जमवणारे, गाड्या-घोडे पुरवणारे तिथंच तयार झाले. पुढचा प्रोड्यूसर वाईला का जातो तर तिथं सगळं तयार मिळतं म्हणून. हे चक्र एकदा फिरलं की चार दिवसांचं काम राहत नाही.

आणि जी कौशल्यं लागतात त्यातली बरीच फक्त सिनेमापुरती नसतात. आपल्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेला, होम मैदानावर जे मंडप आणि लाइटिंग उभं करतात ते लोक सेटवर काम करू शकतात, आणि शूटिंग नसेल तेव्हा लग्नं, यात्रा, सभा आहेतच. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने किती आहेत, देशभर माल जातो. एका सीनसाठी दोनशे पोलिसांचे किंवा दोनशे शाळकरी पोरांचे कपडे चार दिवसांत पाहिजेत, तर मुंबईतल्या कुठल्या टेलरपेक्षा आपला पूर्व भाग (शहरातली तेलुगू बोलणाऱ्यांची मोठी वस्ती) लवकर देईल असं मला वाटतं. मुख्य धंदा तोच ठेवून वरकड कमाई, एवढ्याच अपेक्षेनं बघितलं तर पोरं फसणार नाहीत. सगळं सोडून स्पॉटबॉय व्हायला निघालेल्या पोरांना मात्र मी थांबवेन.

नाव झालं तर पर्यटन, नाही झालं तर फक्त मजुरी

वाई आणि करमाळा यातला फरक इथं आहे. 'सैराट' २०१६ ला आला, दिग्दर्शक करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, नायिका अकलूजची, शूटिंग करमाळा तालुक्यात, आणि गोष्टही त्याच मातीतली. त्यामुळं सिनेमा चालल्यावर लोक गाड्या काढून जागा बघायला यायला लागले. उजनीच्या पाण्याकाठी फोटो काढायला पुण्या-मुंबईची पोरं. आपल्या जिल्ह्यात कुणी शूटिंगची जागा बघायला येईल हे त्याआधी कुणाच्या मनात तरी आलं होतं का?

पण आल्यावर त्यांना मिळालं काय? साधी पाटी नाही, नीट संडास नाही, हुरडा-भाकरी मिळेल असं ठिकाण शोधावं लागायचं. पाऊस पडला आणि वाहून गेला. न्यूझीलंडमध्ये माटामाटा नावाचं गाव आहे, तिथल्या एका मेंढ्यांच्या फार्मवर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा सेट लागला. पुढच्या सिनेमांच्या वेळी त्यांनी तो सेट पक्का बांधून घेतला आणि आज जगभरातनं लोक तिकीट काढून तो बघायला जातात. मेंढ्यांचा फार्म ओ! आपल्याकडं मेंढ्याही आहेत आणि माळही. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याचं पण बघण्यासारखं आहे. 'ब्रेकिंग बॅड' मालिकेची गोष्ट आधी कॅलिफोर्नियात घडणार होती, पण न्यू मेक्सिको खर्चातले २५ टक्के परत देत होतं म्हणून ती अल्बुकर्कीला नेली, आणि गोष्टसुद्धा त्याच शहराची केली. मालिका संपून कितीतरी वर्षं झाली तरी तिथं लोकेशन दाखवणाऱ्या गाड्या चालतात. परताव्यानं युनिट आलं, पण पर्यटन आलं ते शहर स्वतःच्या नावानं पडद्यावर दिसलं म्हणून. त्यामुळं अनुदानाच्या नियमात गावाचं खरं नाव दाखवलं तर थोडं जास्त, अशी अट घालता येते. अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य असंच करतं, २० टक्के सवलत, आणि राज्याचा लोगो दाखवला तर आणखी १० टक्के.

"सरकारनं सिनेमावाल्यांना पैसे का द्यायचे?"

जॉर्जियाचंच पुढं ऐका. तिथं प्रचंड शूटिंगा आल्या, स्टुडिओ उभे राहिले, पण राज्याच्याच लेखापरीक्षकांनी २०२० मध्ये तपासलं तेव्हा सांगितलं की फायद्याचे आकडे फुगवून सांगितले जात होते. मिशिगन राज्यानं मोठ्या उत्साहात सवलत सुरू केली आणि परवडत नाही म्हणून २०१५ मध्ये बंद केली. मेरीलँडमध्ये तर २०१४ ला 'हाउस ऑफ कार्ड्स' मालिकेच्या निर्मात्यांनी सरळ गव्हर्नरला पत्र लिहिलं, की पुरेशी सवलत दिली नाही तर आम्ही सेट काढून दुसऱ्या राज्यात जातो.

म्हणजे नुसत्या पैशावर आलेला पाहुणा जास्त पैसा दिसला की उठून जातो. राज्याराज्यांत बोली लागते, मी ३० टक्के देतो, तू ३५ दे, आणि शेवटी फायदा स्टुडिओचा, तोटा करदात्याचा. ग्रुपवर जो पाण्याचा मुद्दा मांडतो त्याचं म्हणणं इथं शंभर टक्के बरोबर आहे.

पण म्हणून सगळं फिल्म ऑफिस फालतू होत नाही. माझं मत असं, की परवानग्या लवकर देणं, स्थानिक माणसांची यादी ठेवणं, जागांचे फोटो आणि माहिती एका ठिकाणी लावणं याला तिजोरीतनं फार पैसा जात नाही आणि युनिट निघून गेलं तरी ते काम आपल्याकडंच राहतं. रोख परतावा द्यायचाच तर स्थानिक मजुरी आणि स्थानिक खरेदीवरच द्यावा, मुंबईच्या नटाच्या मानधनावर एक पैसाही नको. आणि दरवर्षी आकडे जाहीर करावेत, किती दिले आणि जिल्ह्यात किती पडले. हे मागायला आपण लाजायचं कारण नाही, पैसा आपलाच आहे.

रस्ते बंद, गोंगाट आणि भावना दुखावणं

हे खरं आहे, पण सुटण्यासारखं आहे. रात्री लाइट, जनरेटरचा आवाज, दवाखान्याची वाट अडली तर माणूस चिडणारच. परवानगीतच वेळ, आवाज, स्वच्छता आणि अनामत रक्कम या अटी असतात, फक्त कुणीतरी जागेवर बघायला पाहिजे. मंदिराचं तर जास्त जपायला लागतं. पंढरपूर, अक्कलकोट, आपलं सिद्धेश्वर मंदिर, इथं आधी विश्वस्त आणि मग बाकी सगळे. यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत कॅमेरा घुसवून भाविकांना बाजूला करायचं असेल तर तसलं शूटिंग नकोच.

मग सोलापूरकडं आहे काय?

जागा तर आहेतच. तलावाकाठचा किल्ला आहे, इंद्रभुवनची इमारत आहे, जुन्या गिरण्यांचे अवशेष आहेत, भीमाकाठचं माचणूर आहे, भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे जिथं शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे, नान्नजचा माळ आहे, तासाभरावर नळदुर्गचा पाणीमहाल आहे. उन्हाळ्यात इथं शूटिंग नकोच, माणसं भाजतील, पण दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत उजेड असा पडतो की कॅमेरावाले खूश होतात, आणि तेव्हा शेतात ज्वारी उभी असते. मुंबईहून २०२३ पासून वंदे भारत आहे.

पण माझ्या मते आपली खरी ताकद किल्ल्यात नाही, बोलीत आहे. सोलापुरात एकाच चौकात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी ऐकायला मिळते. हैदराबाद साधारण ३०० किलोमीटर, सरळ हायवेला, तिथं रामोजी फिल्म सिटी आणि तेवढी मोठी तेलुगू इंडस्ट्री. कन्नड सिनेमा तर हद्दीपलीकडं. आपण सारखं मुंबईकडं तोंड करून बसतो, पण तेलुगू युनिट महाराष्ट्रात आलं तर त्याला पहिल्यांदा काय पाहिजे? लाइन प्रोड्यूसर. म्हणजे बाहेरच्या युनिटचा इथला कारभारी, जो लॉजपासून पोलिसांपर्यंत सगळं बघतो. पूर्व भागातली एखादी पदवी झालेली पोरगी, घरात तेलुगू, शाळेत मराठी, मैत्रिणींबरोबर कन्नड, आणि जीएसटीचं बिल करता येतं. तिच्याइतका चांगला कारभारी हैदराबादवाल्यांना कुठं मिळणार? हे काम शिकवायला स्टुडिओ बांधायला लागत नाही, एकर दोन एकर जमीन लागत नाही.

म्हणून ग्रुपवर मी एवढंच सुचवलंय की सोलापुरात चित्रनगरी द्या म्हणून निवेदन देण्याआधी आपण एक वही करूया, म्हणजे खरी वही, नाहीतर गूगल शीट. कुठल्या तालुक्यात कुठला वाडा, मालकाची तयारी आहे का, ट्रक आत जातो का, लाइटचं कनेक्शन किती, जवळचा दवाखाना कुठं, जेवण कोण करेल, पक्कं बिल कोण देईल. ती महामंडळाच्या फिल्म सेलला पाठवूया आणि जिल्हाधिकारी कार्यालयात एक प्रत देऊया. अकरा जण तयार झालेत, करमाळा आणि अक्कलकोट तालुक्यातनं अजून कोणी नाही. वडापाववाल्याचं नाव मी पहिल्या पानावर लिहिलंय, बिलबुक त्यानं मागच्या आठवड्यात छापून घेतलं.